‘पिण्यास योग्य’ या शेऱ्यात काय येत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम करून मी निवृत्त झालो. त्या काळात माझ्या सहीने जे अहवाल बाहेर पडले, त्यांच्या शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा ‘पिण्यास योग्य’ असा शेरा असे आणि तो खोटा नसे. डावीकडे गढूळपणा, सामू, विद्राव्य क्षार, नायट्रेट, फ्लोराईड, आर्सेनिक, शिसे, कॉलिफॉर्म जिवाणू अशी ठरलेली यादी, मधल्या रकान्यात मर्यादा आणि उजवीकडे आम्ही काढलेला आकडा. उजवा आकडा मधल्याच्या आत बसला की शेरा लिहायचा. एकदा अहवाल न्यायला आलेल्या बाईंनी तो तिथेच उभ्या उभ्या वाचला आणि विचारले, “औषधांचे किंवा प्लास्टिकचे काही पाण्यात उतरले असेल, तर ते यातल्या कुठल्या ओळीत दिसेल?” तशी ओळ नव्हती. मी तसे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, कागदाची घडी घातली आणि त्या गेल्या. संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांविषयीचे हे पत्र त्या नसलेल्या ओळीबद्दल आहे.

संप्रेरक म्हणजे एका ग्रंथीने रक्तात सोडलेला आणि दूरच्या एखाद्या अवयवाने ऐकलेला निरोप. शरीराची वाढ, मासिक पाळी, वीर्यनिर्मिती, चयापचय, गर्भातल्या मेंदूची जडणघडण हे सारे अशा निरोपांवर चालते आणि ते निरोप अतिशय सूक्ष्म मात्रेत धाडले जातात. इस्ट्रॅडिऑल हे स्त्री-संप्रेरक रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये पिकोग्रॅमच्या हिशेबाने मोजतात. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. ऑलिंपिक स्पर्धांसाठी बांधतात तसे प्रत्येकी २५ लाख लिटरचे २० तलाव काठोकाठ भरले आणि त्या सगळ्यांत मिळून एकच थेंब मिसळला, तर जे प्रमाण होईल ते साधारण लिटरला १ नॅनोग्रॅम, म्हणजेच मिलिलिटरला १ पिकोग्रॅम. सामान्य माणसाला, आणि खरे सांगायचे तर माझ्या पिढीच्या रसायनतज्ज्ञालाही, इतके प्रमाण असून नसल्यासारखे वाटते. शरीराचा रोजचा व्यवहार मात्र याच प्रमाणात चालतो, त्यामुळे बाहेरून आलेला त्याच घडणीचा रेणू त्याला नगण्य वाटत नाही.

असे रेणू अनेक तऱ्हांचे आहेत. पॉलिकार्बोनेट आणि इपॉक्सी लेपांतले बिस्फेनॉल ए, लवचीक प्लास्टिकमधली थॅलेट्स, काही डिटर्जंटांच्या विघटनातून उरणारे नोनिलफेनॉल, ॲट्राझिनसारखी तणनाशके, न चिकटणारे लेप आणि आग विझवण्याचा फेस यांतून येणारी पीएफएएस गटातली रसायने, रॉकेटच्या इंधनात आणि आतषबाजीत वापरले जाणारे पर्क्लोरेट ही त्यांतली काही ठळक नावे. त्यांचे काम करण्याचे मार्गही वेगवेगळे आहेत. कुणी संप्रेरकाचे सोंग घेते, कुणी त्याची जागा अडवून बसते, तर पर्क्लोरेट थायरॉईड ग्रंथीला आयोडीन घेण्यापासूनच अडवते. १९९१ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थिओ कोलबॉर्न यांच्या पुढाकाराने जमलेल्या शास्त्रज्ञांनी या सर्वांना प्रथम ‘एंडोक्राइन डिसरप्टर’, म्हणजे संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारे, अशा एका नावाखाली आणले. त्यानंतर दोन दशकांनी, २०१२ च्या अहवालात, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने असा परिणाम करणाऱ्या किंवा तसा संशय असलेल्या रसायनांची संख्या सुमारे ८०० सांगितली आणि त्यांतल्या फार थोड्यांचीच नीट चाचणी झाली असल्याचेही नोंदवले. माझ्या अहवालातल्या ओळी किती होत्या हे आठवले की या आकड्यापुढे ओशाळल्यासारखे होते.

पाण्यातल्या इतक्याशा संप्रेरकाने खरोखर काही बिघडते का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर कॅनडातल्या एका तळ्याने दिलेले आहे. ऑन्टॅरिओच्या वायव्य भागात संशोधनासाठी राखून ठेवलेली अनेक लहान तळी आहेत. त्यांतल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ ते २००३ असे सलग तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतले एथिनिलइस्ट्रॅडिऑल हे कृत्रिम संप्रेरक मोजून मापून मिसळण्यात आले. प्रमाण होते लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे काही शहरांच्या सांडपाण्यात आढळते तेवढेच. पाणी दिसायला तसेच राहिले, वासही बदलला नाही आणि माझ्या जुन्या यादीवर तपासले असते तर त्यातली एकही ओळ या संप्रेरकापायी हलली नसती. पण तिथल्या फॅटहेड मिनो या चिमुकल्या माशांतले नर अंड्याच्या बलकासाठी लागणारे प्रथिन बनवू लागले, जे एरवी माद्यांच्या शरीरात बनते. पुढे काही नरांच्या वृषणांत अंडपेशी दिसू लागल्या, नवी पिल्ले येईनाशी झाली आणि पाहता पाहता त्या तळ्यातून ही जात जवळजवळ नाहीशी झाली. शेजारच्या ज्या तळ्यांत काही मिसळले नव्हते, तिथे असे काही घडले नाही. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. संप्रेरक मिसळणे थांबल्यानंतर काही वर्षांनी मासे पुन्हा वाढले, ही त्यातली दिलासा देणारी बाजू. मूळ स्रोत बंद केला तर निसर्ग सावरू शकतो, याचा तो पुरावा आहे.

जाता जाता एक सांगितले पाहिजे. हा प्रयोग सांगितला की काही लोक लगेच गोळी घेणाऱ्या स्त्रियांकडे बोट दाखवतात. ते अन्यायाचे आहे. नैसर्गिक इस्ट्रोजेन (इस्ट्रॅडिऑलसारखे स्त्री-संप्रेरक) सर्व माणसांच्या आणि पाळीव जनावरांच्या मलमूत्रातून बाहेर पडत असते, आणि कारखाने व शेते यांतून येणाऱ्या रसायनांचा कुणाच्या औषधाशी काहीही संबंध नसतो.

माणसाच्या बाबतीत असा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये, परंतु एक प्रयोग नकळत होऊन गेला. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी तयार केलेले डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टळावा म्हणून पुढची अनेक वर्षे गर्भवतींना दिले गेले. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी योनिमार्गाचा अतिशय दुर्मीळ कर्करोग झालेल्या ८ तरुणींचा अभ्यास मांडला. त्यांपैकी ७ जणींच्या आयांनी गरोदरपणी हे औषध घेतले होते. ते पाण्यातून आलेले नव्हते आणि त्याची मात्राही मोठी होती, त्यामुळे त्याची तुलना नळाच्या पाण्याशी करणे मी चुकीचे मानतो. त्यातून घ्यायची गोष्ट निराळी आहे. गर्भावर झालेला परिणाम कळायला एक पिढी जावी लागली आणि जन्मलेली बालके तोवर धडधाकट दिसत होती. ज्या नुकसानीचा दाखला वीस वर्षांनी हाती येतो, तिच्या बाबतीत ‘आधी रोगी दाखवा, मग नियम करू’ हे धोरण चालत नाही.

पाण्याच्या मर्यादा ठरवण्याची आपली सगळी पद्धत एका जुन्या सूत्रावर उभी आहे: विष ठरते ते मात्रेवरून. म्हणून एकेक पदार्थ घ्यायचा, प्राण्यांना तो चढत्या मात्रेत द्यायचा, परिणाम दिसेनासा होतो ती पातळी शोधायची आणि तिला शंभराने वगैरे भागून मर्यादा काढायची. शिशासाठी किंवा नायट्रेटसाठी ही रीत कामाला आली हे मी नाकारत नाही. इथे ती दोन ठिकाणी तोकडी पडते. संप्रेरकांचा परिणाम मात्रेबरोबर सरळ चढत जाईलच असे नसते. मोठ्या मात्रेला शरीर दाद देत नाही आणि लहान मात्रेला देते, अशी उदाहरणे प्रयोगशाळांत नोंदली गेली आहेत. दुसरे म्हणजे पाण्यात कुठलाही पदार्थ एकटा नसतो. २००२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी इस्ट्रोजेनसारखी क्रिया करणारी आठ दुबळी रसायने घेतली. प्रत्येक रसायन एकटे असताना ज्या पातळीला काहीच परिणाम दाखवत नव्हते, त्याहूनही कमी प्रमाणात ती एकत्र केल्यावर परिणाम स्पष्ट दिसला. आठही ओळींत ‘मर्यादेत’ असा शेरा आणि बेरीज मात्र मर्यादेबाहेर, अशी ही गत आहे.

मर्यादांचे आकडे किती डळमळीत असतात, हे बिस्फेनॉल ए च्या उदाहरणातून पाहता येते. युरोपीय संघाने २०२० च्या पेयजल निर्देशात त्याची मर्यादा लिटरला २.५ मायक्रोग्रॅम ठरवली. २०२३ मध्ये युरोपच्याच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने माणसाने रोज घेण्याचे सुसह्य प्रमाण वजनाच्या किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे २०,००० पटींनी खाली आणले. आता ६० किलोच्या माणसाचा हिशेब मांडून पाहा. नव्या आकड्याप्रमाणे त्याला दिवसाला १२ नॅनोग्रॅम चालतील, तर निर्देशात बसणारे दोन लिटर पाणी त्याला ५,००० नॅनोग्रॅमपर्यंत देऊ शकते, म्हणजे चारशे पटींहून अधिक. ही कपात युरोपातल्याच काही वैज्ञानिक संस्थांना मान्य नाही, हेही सांगायला हवे. प्रत्यक्षात नळाच्या पाण्यात बिस्फेनॉल एवढे सहसा नसते. तरीही ‘मर्यादेत आहे’ या शब्दांचे वजन किती, ते या हिशेबावरून कळते. पीएफएएस गटातल्या पीएफओए या रसायनाची गोष्ट अशीच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याची सल्लावजा पातळी २००९ मध्ये लिटरला ४०० नॅनोग्रॅम, २०१६ मध्ये भावंड रसायनासह मिळून ७० आणि २०२४ मध्ये बंधनकारक मर्यादा ४ नॅनोग्रॅम अशी उतरवत आणली. तीनही वेळा आदल्या दिवसापर्यंत त्याहून जास्त प्रमाण असलेल्या पाण्यावर देशाच्या कायद्याची बंदी नव्हती.

आता दुसरी बाजू. यातल्या पुष्कळ रसायनांच्या बाबतीत माणसाच्या पोटात जाणारा मोठा वाटा अन्नातून, अन्नाच्या वेष्टनांतून आणि घरातल्या धुळीतून येतो. पाण्याचा वाटा त्यामानाने लहान असतो. पिण्याच्या पाण्यात आढळणाऱ्या औषधांच्या अंशांमुळे आरोग्याला लक्षणीय धोका संभवत नाही, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये दिलेला आहे. त्यामुळे कुणी घाबरून नळाचे पाणी पिणे सोडावे, असे मी म्हणणार नाही. गढूळ, न निर्जंतुक केलेल्या पाण्याने माणसे आजही मरतात आणि क्लोरीनने वाचवलेल्या जिवांची मोजदाद नाही. पण सरासरी लहान आहे म्हणून प्रत्येक ठिकाणचा वाटा लहान असेल असे नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गच्या परिसरात रासायनिक कारखान्यातून निघालेले पीएफओए पिण्याच्या पाण्यात वर्षानुवर्षे उतरत राहिले. तिथल्या सुमारे ६९,००० रहिवाशांच्या तपासणीनंतर, या कामासाठी नेमलेल्या वैज्ञानिकांनी २०११ आणि २०१२ मध्ये सहा आजारांशी त्याचा संभाव्य संबंध जोडला आणि त्यात थायरॉईडचे विकारही होते. त्या लोकांचे पाणी पूर्वी कुणी तपासले नव्हते असे नाही. ठरलेल्या यादीप्रमाणे तपासलेच होते, यादीत पीएफओए नव्हते.

घराघरांत उपाय शोधणे हा लोकांचा स्वाभाविक कल असतो, त्याविषयी थोडे. पाणी उकळल्याने जिवाणू मरतात. ही बहुतेक रसायने त्या तापमानाला टिकून राहतात आणि पाणी आटले की उरलेल्यात त्यांचे प्रमाण उलट किंचित वाढते. क्लोरीनशी बिस्फेनॉलची क्रिया होऊन क्लोरीनयुक्त नवी संयुगे तयार होतात, ज्यांतली काही स्वतः संप्रेरकासारखी वागतात. सक्रिय कार्बन चांगले काम करतो, पण तो भरला की थांबतो आणि तो भरला हे बाहेरून दिसत नाही. आरओ यंत्र बरेच काही अडवते, मात्र जे अडवले ते त्याच्या टाकाऊ पाण्यातून पुन्हा गटारात जाते. वरच्या गावाचे गटार म्हणजे खालच्या गावाचे कच्चे पाणी. ज्याला यंत्र परवडते त्याने आपल्यापुरते पाणी गाळून घ्यायचे आणि गाळ पुढच्याच्या ताटात लोटायचा, याला सार्वजनिक व्यवस्था म्हणता येत नाही.

मग नियम कसा हवा? यादीत आणखी दहा नावे घाला, एवढीच मागणी करण्यात मला अर्थ वाटत नाही. बिस्फेनॉल ए वर बंधने आली तेव्हा उत्पादकांनी त्याच कुळातले बिस्फेनॉल एस आणि एफ वापरायला घेतले आणि त्यांचीही संप्रेरकांशी सलगी असल्याचे दिसून आले. नावाने नियम केला की नाव बदलते. म्हणून नियम वर्गाला लागू हवा आणि असे करता येते याचा दाखला जुनाच आहे: युरोपने १९८० च्या निर्देशातच कुठल्याही एका कीडनाशकासाठी लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आणि सर्वांच्या बेरजेसाठी ०.५ अशी सरसकट मर्यादा घातली. त्यात प्रत्येकाची विषारीपणाची परीक्षा होईपर्यंत थांबणे नव्हते. ही वस्तू पाण्यात असायलाच नको, एवढेच तत्त्व होते. २०२० च्या निर्देशात पीएफएएसच्या २० रसायनांच्या बेरजेलाही ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा आली आहे.

नाव न विचारता परिणाम मोजण्याची सोयही आज उपलब्ध आहे. मानवी इस्ट्रोजेन-ग्राही, म्हणजे इस्ट्रोजेनचा निरोप ऐकणारे प्रथिन, बसवलेल्या यीस्टच्या किंवा इतर पेशी पाण्याच्या अर्काला कसा प्रतिसाद देतात ते पाहून त्या पाण्याची एकूण इस्ट्रोजेनसदृश क्रिया एका आकड्यात सांगता येते, मग ती कुठल्याही रसायनाने झालेली असो, ज्ञात वा अज्ञात, एकट्याने वा आठांनी मिळून. अशी एक ओळ अहवालात आली असती, तर त्या बाईंना मी काहीतरी दाखवू शकलो असतो. आकडा वर गेला की महागडी यंत्रे लावून गुन्हेगार शोधायचा; प्रत्येक नमुन्यात शेकडो रसायने शोधत बसायची गरज नाही. ही तपासणी नाजूक असते, याची कल्पना मला आहे. नमुन्याची बाटली गडद काचेची, द्रावकाने धुतलेली, झाकणाला आतून टेफ्लॉनचा थर दिलेली असावी लागते. नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी हाताला क्रीम किंवा कीटकरोधक लावायचे नसते, नाहीतर त्याच्या हातावरचेच रसायन पाण्याच्या नावावर जमा होते. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली नेऊन ती जागेवर उघडून पुन्हा बंद करायची असते, आपण स्वतः नमुन्यात काय घातले ते कळावे म्हणून. नाजूक आहे, अशक्य नाही.

उत्पादनात काय वापरले आहे हे उघड करण्याची सक्ती मला याहूनही महत्त्वाची वाटते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनमध्ये ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे दोघे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. इस्ट्रोजेन दिल्याशिवाय न वाढणाऱ्या या पेशी अचानक काहीही न देता वाढू लागल्या. कित्येक महिने शोध घेतल्यावर संशय प्लास्टिकच्या परीक्षानळ्यांवर येऊन ठेपला. उत्पादकाने प्लास्टिकचा घटक बदलला होता, पण काय बदलले ते व्यापारी गुपित म्हणून सांगायला नकार दिला. तो पदार्थ नोनिलफेनॉल होता, हे दोघांना स्वतःच शोधून काढावे लागले आणि १९९१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. निष्णात शास्त्रज्ञांना हाताशी प्रयोगशाळा असून ही यातायात करावी लागत असेल, तर पाणीपुरवठा खात्याने आपल्या नळांना, टाक्यांच्या लेपांना आणि वरच्या अंगाच्या कारखान्यांना काय विचारायचे? पाण्याच्या संपर्कात येणाऱ्या किंवा सांडपाण्यात जाणाऱ्या रसायनाच्या बाबतीत गुपिताचा हा अधिकार काढून घेतला पाहिजे आणि निर्धोकपणा सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकली पाहिजे.

खर्चाचा मुद्दा नेहमी पुढे येतो. स्वित्झर्लंडने २०१६ पासून सातशेहून अधिक सांडपाणी केंद्रांपैकी निवडक शंभरएक केंद्रांत ओझोन किंवा सक्रिय कार्बनची जादा प्रक्रिया बसवायला घेतली आणि त्यासाठी माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत आकार ठेवला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सांडपाणी निर्देशाने तर अशा जादा प्रक्रियेचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांनी सोसावा, असे ठरवले आहे. पाणी पिणाऱ्याकडून वसुली करण्यापेक्षा ही वाट न्यायाची आहे. मुदती मात्र कायद्यातच लिहिलेल्या असाव्यात. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यांनी संप्रेरकांवर परिणाम करणारी रसायने तपासण्याचा आदेश दिला आणि चाचण्यांचे पहिले आदेश उत्पादकांना गेले ते २००९ मध्ये. कायदा झाला त्या वर्षी जन्मलेले मूल या तेरा वर्षांत वयात येते.

हे सगळे एका अधिवेशनात होणार नाही, हे मी समजून आहे. एक गोष्ट मात्र उद्यापासून करता येईल आणि तिला ना यंत्र लागते ना निधी. पाण्याच्या प्रत्येक तपासणी अहवालात ‘पिण्यास योग्य’ या शेऱ्याच्या आधी आणखी एक ओळ छापावी: ‘संप्रेरकांवर परिणाम करणाऱ्या रसायनांसाठी हे पाणी तपासलेले नाही.’ सही करणाऱ्याने ती ओळ वाचूनच सही करावी.

आपला नम्र,
पाणीतपासणी प्रयोगशाळेतील एक निवृत्त रसायनतज्ज्ञ